खानदेशचा कापूस आणि ‘फायदेशीर निर्याती’ची अर्धी गोष्ट

१/ ‘सिटीज : स्कायलाइन्स’सारखे नगररचनेचे खेळ खेळणाऱ्या इतिहासप्रेमी मित्रांकडून एक विधान वारंवार ऐकू येते : कच्चा माल ढिगाने निर्यात करा, मालगाडी बंदराशी जोडा, तिजोरी भरते, इंग्रजांनी खानदेशात हेच केले आणि खानदेश संपन्न झाला. हे विधान अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यावर हा धागा.

२/ खरा भाग आधी मान्य करू. अवजड आणि स्वस्त मालाचा नफा वाहतूक खाऊन टाकते. शंभर किलो कापसातून रुई साधारण ३४ किलो निघते. बाकी बहुतेक सरकी. न पिंजलेला कापूस बंदरापर्यंत हाकणारा मनुष्य दोन-तृतीयांश भाडे सरकीवर घालवतो. म्हणून जिन शेताजवळ हवा आणि रुई दाबून गाठी बांधणारा प्रेस स्थानकाजवळ.

३/ रेल्वेपूर्वी वऱ्हाड-खानदेशचा कापूस लमाणांच्या बैलांवर आणि गाड्यांवर लादून आठवडेच्या आठवडे प्रवास करी. वाटेत धूळ बसे, पाऊस भिजवी. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली आणि हा खर्च कोसळला. याबद्दल वाद नाही.

४/ पण ही रेल्वे कोणासाठी आखली गेली? १८५३ च्या आपल्या प्रसिद्ध टिपणात डलहौसीने कारणे स्वच्छ मांडली आहेत. लष्कराच्या हालचालींच्या बरोबरीने त्यात इंग्लंडला हवा असलेला कापूस आहे आणि इंग्लंडच्या मालाला हवी असलेली बाजारपेठही आहे. गाडी जाताना गाठी नेणार, येताना कापड आणणार, अशी ही योजना होती.

५/ १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. भाव आभाळाला भिडले. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा याच काळातल्या. ‘संपन्न खानदेशा’चे चित्र रंगवणारे येथेच थांबतात. पुढचे पान ते उलटत नाहीत.

६/ १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईचा शेअरबाजार बुडाला. तेजीच्या भरवशावर काढलेले कर्ज मात्र कोसळले नाही. साराही उतरला नाही : इंदापूर तालुक्यात १८६७ मध्ये फेरजमाबंदी झाली आणि सारा वाढवण्यात आला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांच्या वह्या जळाल्या, त्यामागे ही साखळी आहे.

७/ येथे खेळाची उपमा मोडते. खेळात तिजोरी एकच असते आणि ती तुमची असते. इतिहासात एका गाठीमागे अनेक तिजोऱ्या उभ्या होत्या : शेतकरी, सावकार, अडत्या, रेल्वे कंपनी, मुंबईची निर्यात पेढी, लिव्हरपूलचा दलाल आणि सारा घेणारे सरकार. नफा वरच्या तिजोऱ्यांत साठला. भाव पडण्याचा धोका सर्वांत खालच्या माणसाने सोसला.

८/ “मग इथेच कापड का विणले नाही?” असा प्रश्न येतो. विणले. मुंबईत कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली; पुढे जळगाव, अमळनेर येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. पण १८९६ मध्ये सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के आयातकर ठेवताना देशी गिरणीच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला. मँचेस्टरला स्पर्धा जाचू नये म्हणून घातलेला हा कर १९२५-२६ पर्यंत टिकला. कोणत्याही खेळात असा नियम आला तर खेळाडू तो खेळ फेकून देईल.

९/ न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ च्या पुण्यातील व्याख्यानात याच व्यवस्थेवर बोट ठेवले होते. देशाने केवळ कच्चा माल पिकवायचा आणि कारागिरी, भांडवल व जहाजे परक्यांची असायची, हे नाते त्यांना मान्य नव्हते. त्यांचा रोख व्यापाराविरुद्ध नव्हता. अर्थव्यवस्थेला शेतीच्या एकाच पायावर उभे करण्याविरुद्ध होता.

१०/ आता नकाशावर रनाळे शोधा. नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या मधले हे गाव. सुरत-बुऱ्हाणपूर हा जुना व्यापारी मार्ग याच टापूतून जाई. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेहून इकडे आली. रूळ आले म्हणजे गावाला बाजार मिळाला; भाव ठरवण्याचा अधिकार मिळाला नाही. या दोन गोष्टी एक समजणे हीच त्या विधानातली मूळ चूक.

११/ उलट टोकाच्या मित्रांनाही सांगणे आहे : निर्यात म्हणजेच लूट, असेही नाही. शहाद्याजवळ शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली, ती कापसाचे मूल्य जिल्ह्यातच वाढावे म्हणून. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळणारी लाल मिरची पोत्यात भरून गेली तर एक भाव. दळून, पुड्यांत भरून गेली तर वेगळा.

१२/ म्हणून पुढच्या वेळी कोणी “रेल्वेने प्रदेश समृद्ध केला” असे लिहिले, तर टनांचे आकडे पाहून दिपू नका. तीन प्रश्न विचारा : वजन कुठे घटले, मूल्य कुठे वाढले आणि भाव पडला तेव्हा घर कोणाचे बुडाले? ही तीन उत्तरे न देता लिहिलेला समृद्धीचा इतिहास हा केवळ मालगाडीच्या डब्यांचा हिशेब आहे.