काडीकचऱ्यातले हरीण

गेल्या महिन्यात शाळेच्या तपासणीची सूचना आली आणि रिवाजाप्रमाणे आम्ही साफसफाईस लागलो. सहावीतल्या एका मुलाच्या दप्तरातून गुलमोहराच्या शेंगा, झाडाच्या साली, चिंचोके आणि एक वेडेवाकडे मूळ निघाले. हा उकिरडा वर्गात कशाला, असे दरडावून मी तो बाहेर फेकावयास लावला. ते मूळ म्हणजे हरीण होते, एवढेच तो पुटपुटला.

रात्री मला विष्णू चिंचाळकर आठवले आणि माझी मलाच शरम वाटली. 'गुरुजी' या नावाने अवघे इंदूर ज्यांना ओळखत असे, त्या चित्रकाराला (१९१७-२०००) आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली येथे जे चित्रकला विद्यालय काढले, त्यातून बेंद्रे आणि हुसेन बाहेर पडले. गुरुजीही तेथलेच विद्यार्थी. व्यक्तिचित्रणात हात उत्तम. कुमार गंधर्व, राहुल बारपुते, बाबा डिके यांच्या मैफलीतला हा माणूस. रंग-कुंचल्यावर पोट आणि कीर्ती दोन्ही सुखाने चालली असती. पण त्यांचा जीव रमला तो पाचोळ्यात, मुळांत, फुटक्या खापरांत.

आपल्या शेजारच्या धारचे शिल्पकार र. कृ. फडके घ्या. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. तेथे आकृती आधी शिल्पकाराच्या मनात असते आणि द्रव्याला तिच्यापुढे नमावे लागते. गुरुजींची रीत नेमकी उलटी. वस्तू हाती घ्यावी, फिरवावी, उलटी धरावी, आणि तिच्यात जे दडले असेल ते ओळखावे. फार तर तिच्याशेजारी दुसरी एखादी वस्तू ठेवावी. कापाकापी शक्यतो नाहीच. हीच नजर त्यांनी अक्षरांकडे आणि आकड्यांकडेही वळविली. 'खुलते अक्षर खिलते अंक' हे त्यांचे पुस्तक ज्या घरी लहान मुले आहेत तेथे असावे.

या कलेची एक अडचण आहे, आणि ती मुख्याध्यापकाला अधिक बोचते. संगमरवर टिकतो, पानाला कीड लागते, सालीला पावसाळ्यात बुरशी येते. शिवाय गुण कशाला द्यावयाचे? मडके रेखाटले तर त्याच्या दोन बाजू जुळतात की नाही, हे परीक्षक पाहू शकतो. मुळात हरीण पाहिले, याला दहापैकी किती? माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत या रकान्याची सोय मला कोणत्याही गुणपत्रकात आढळली नाही. (आढळली असती तर तीही आम्ही बिघडविली असती, हा भाग निराळा.)

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वीच मी शाळेमागे गेलो. झाडलोटीच्या ढिगात मूळ सापडले; पण एक फाटा मोडलेला. मुलाला बोलावून ते त्याच्या हाती दिले आणि, या वयात जमेल तितक्या सरळपणे, चूक माझी झाली असे सांगितले. माझ्या बोलण्याकडे त्याचे फारसे लक्ष नव्हते. आता हे हरीण राहिले नाही, असे म्हणून त्याने मूळ उलटे केले आणि उजेडाकडे धरून पाहू लागला.