पराक्रम पोराचा, पळवाट थोरांची

हॉलंडांतील डेल्फ्ट या गांवच्या बोयान स्लॅट या तरुणाची कथा आतां आपल्याकडील सुशिक्षित घरांतही मोठ्या भक्तिभावानें सांगितली जाते. वयाच्या १६ व्या वर्षीं तो ग्रीसच्या समुद्रांत बुड्या मारीत असतां त्यास माशांपेक्षां प्लास्टिकच्या पिशव्या अधिक दिसल्या. २०१२ सालीं, १८ वर्षांचा असतांना, त्यानें आपल्या गांवींच एका व्याख्यानांत समुद्र स्वच्छ करण्याची योजना मांडली. २०१३ सालीं विमानविद्येचा अभ्यासक्रम सोडून त्यानें ‘दि ओशन क्लीनअप’ ही संस्था काढली. २०१४ सालीं लोकवर्गणींतून २० लाख डॉलरांहून अधिक द्रव्य जमलें, आणि त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणसंस्थेनें त्याचा गौरव केला.

माझा वाद या तरुणाशीं नाहीं. ज्या वयांत आमचीं मुलें परीक्षेपलीकडे पाहत नाहींत, त्या वयांत त्यानें समुद्राकडे पाहिलें, हें त्याचें श्रेय कोणासही हिरावून घेतां येणार नाहीं. वाद आहे तो त्याच्या कथेचे देव्हारे माजविणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींशीं. या बालवीरपूजेंत कौतुक थोडें आणि पळवाट फार आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

प्रथम हें पाहा कीं, भक्तमंडळी या कथेचा पूर्वार्धच तेवढा सांगतात. सप्टेंबर २०१८ मध्यें सुमारें ६०० मीटर लांबीचा तरंगता बांध सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक महासागरांत नेण्यांत आला. वारा आणि लाटा यांच्या बळावर तो आपोआप प्लास्टिक गोळा करील, अशी कल्पना होती. पण बांधाचा वेग प्लास्टिकच्या वेगापेक्षां निराळा राहीना, आणि अडविलेला कचरा पुन्हां निसटूं लागला. डिसेंबरांत बांधाचा १८ मीटरांचा तुकडा तुटला, व जानेवारी २०१९ मध्यें सारा सरंजाम हवाई बेटांस आणावा लागला. अशा योजनेंतील अडचणी समुद्रशास्त्रज्ञांनीं २०१४ सालींच जाहीरपणें मांडल्या होत्या. पुढें संस्थेनें बांधास पाण्यांत उघडणारी मोठी छत्री बांधून त्याचा वेग कमी केला, २०१९ सालीं नद्यांतील कचरा अडविणारीं यंत्रें पुढें आणलीं, आणि २०२१ सालीं दोन जहाजांनीं ओढावयाचें जाळें समुद्रांत उतरविलें. अपयश जगासमोर पत्करून मार्ग बदलणें, हाच माझ्या मतें स्लॅटचा खरा पराक्रम. परंतु आमच्या घरांत सांगितला जातो तो चमत्कार. ही चिकाटी नव्हे.

आतां थोडा हिशेब करूं. संस्थेच्याच शास्त्रज्ञांच्या २०१८ सालच्या संशोधनानुसार कॅलिफोर्निया व हवाई यांच्यामधील कचऱ्याच्या त्या कुप्रसिद्ध पट्ट्याचें क्षेत्रफळ १६ लाख चौरस किलोमीटर आहे, आणि त्यांत तरंगणारें प्लास्टिक सुमारें ७९ हजार टन. उलट, २०१० या एका वर्षांत जमिनीवरून समुद्रांत गेलेल्या प्लास्टिकचा शास्त्रज्ञांचा अंदाज ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असा आहे. यांतील लहानांत लहान आंकडा धरला, तरी त्या सबंध पट्ट्याइतकी भर समुद्रांत अवघ्या ६ दिवसांत पडते. पुराणांतल्या अगस्तीनें एका आचमनांत समुद्र पिऊन टाकला. आम्हीं एका मुलास अगस्ति ठरविलें, आणि त्याच्या पाठीमागून घागरी ओतण्याचें काम चालूच ठेवलें!

दुसरा भ्रम कॉलेज सोडण्याचा. ‘शिक्षण सोडलें म्हणूनच त्यानें एवढें केलें,’ असें मी पालकांच्या तोंडून वारंवार ऐकतों. पण बांधांतील दोष शोधणें, तो दुरुस्त करणें, पट्ट्यांतील प्लास्टिक मोजणें, हीं कामें अभियंत्यांनीं व शास्त्रज्ञांनींच केलीं. कॉलेज एकानें सोडलें. विद्या संस्थेस सोडतां आली नाहीं.

‘कांहींच न करणाऱ्यांपेक्षां तो बरा,’ असा आक्षेप येईल. तो नि:संशय बरा. पण प्रश्न त्याचा नसून कांहींच न करणाऱ्यांचा आहे. २०२४ च्या अखेरीस दक्षिण कोरियांतील बुसान येथें आणि ऑगस्ट २०२५ मध्यें जिनीव्हा येथें प्लास्टिकविषयीं जागतिक करार करण्यासाठीं राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले, आणि दोन्ही वेळां रिकाम्या हातांनीं परतले. उत्पादनावर मर्यादा घालावी कीं नाहीं, हा त्यांतील एक मुख्य तंटा होता. त्या सभांत अडून बसणारे सोळा वर्षांचे नव्हते. ते अनुभवी, जाणते, माझ्या पिढीचे लोक होते. कोका-कोला कंपनीनें २०२१ सालीं स्लॅटच्या संस्थेशीं नदीसफाईसाठीं सहकार्य जाहीर केलें. साहाय्य वाईट नव्हे. पण बाटल्या कमी करण्यापेक्षां नदींत जाळें टाकणें सोपें, हें ओळखण्यास फारसें चातुर्य लागत नाहीं.

आपण तरी यापासून दूर कोठें आहों? नद्यांवाटे समुद्रांत जाणाऱ्या प्लास्टिकपैकीं ८० टक्के भार जगांतील हजाराहून कांहीं अधिक नद्या वाहतात, असें अनुमान २०२१ सालीं प्रसिद्ध झालें; त्या यादींत अगदीं वरच्या नांवांत आपली कल्याणची उल्हास नदी आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. ती कितपत पाळली जाते, हें मंडईंतून परतणाऱ्या सद्गृहस्थांच्या हातांतील पिशवीच सांगेल.

म्हणून माझें सांगणें इतकेंच. मुलांना स्लॅटची कथा अवश्य सांगावी. पण ती संपूर्ण सांगावी, आणि सांगतांना बोट ऐकणाऱ्या मुलाकडे नव्हे, तर स्वत:कडे करावें. कारखान्यांस मर्यादा घालणारा कायदा मुलांना करतां येत नाहीं, आणि मतही देतां येत नाहीं. ते अधिकार आपले आहेत. ते न वापरतां मुलांची पाठ थोपटणें म्हणजे आपलें ओझें त्यांच्या डोक्यावर देऊन वर त्यांसच शाबासकी देणें होय.