१५२२ फूट, पण कुठून?

परवा जालन्यात एका बैठकीत एक जाणते गृहस्थ बोलले. त्यांचं नाव घेत नाही, कारण हे मत एकट्या त्यांचं नाही. मोंढ्यातल्या आडतीपासून कॉलेजच्या स्टाफरूमपर्यंत मी ते गेली वीस वर्षं ऐकतो आहे. त्यांचं म्हणणं असं: किनारा किती सरकला, पाणी कुठवर चढेल, याचे उपग्रहावरून नकाशे काढणं हे कोकणाचं काम आहे. आपल्याकडे ना समुद्र, ना पाणी. ज्या जिल्ह्यात मार्चपासून टँकर फिरतात, तिथे पूररेषा आखणं म्हणजे टकल्याला कंगवा विकणं. यावर टाळ्या पडल्या. पुढे ते म्हणाले, पूर आलाच तर पाणी कुठवर येतं हे गावातल्या म्हाताऱ्याला विचारा, संगणकाला काय कळतं? पुन्हा टाळ्या. मग शेवटी, रेषा आली की जमिनीचे भाव पडतात, आणि एवढाच पैसा असेल तर विहिरींना द्या.

मला उत्तराला दोन मिनिटं मिळाली. दोन मिनिटांत एवढं खोडून होत नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी समुद्र. जायकवाडी भरत आलं की मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही एक आकडा पाठ असतो: १५२२ फूट. नाथसागर पूर्ण भरल्याची ती पातळी. रोज सकाळी पेपरात आपण आधी ती बघतो आणि मग बाकीचं वाचतो. पण हे १५२२ फूट कुठून मोजले? धरणाच्या तळापासून नाही. पैठणच्या घाटापासूनही नाही. ते समुद्रसपाटीपासून मोजले आहेत. बंदरांमधल्या भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून समुद्राची सरासरी पातळी ठरवली, आणि तिथून खुणेमागून खूण करत ती उंची देशभर आत आणली. जालना स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची उंचीही त्याच समुद्रापासूनची. समुद्राशी आपला संबंध नाही असं म्हणणारा माणूस रोज सकाळी समुद्रापासून मोजलेला आकडा वाचून चहा पितो.

पाऊसही तसाच. २६ सप्टेंबर २०२१ ला ‘गुलाब’ नावाचं चक्रीवादळ बंगालच्या उपसागरातून आंध्रच्या किनाऱ्याला धडकलं. त्याचा उरलेला जोर पुढचे दोन दिवस मराठवाड्यावर रिता झाला आणि सोयाबीन उभ्याने कुजलं. उरलंसुरलं वादळ अरबी समुद्रात जाऊन ‘शाहीन’ नावाने पुन्हा उठलं. दोन समुद्रांच्या वाटेवर आपलं शिवार होतं.

आणि गंगथडीचा पूर, म्हणजे आपण जिला गंगा म्हणतो त्या गोदावरीचा, अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांच्या दक्षिण काठाचा पूर, तो मुळात आपल्या पावसाचा नसतोच. पाऊस पडतो त्र्यंबक-इगतपुरीकडे. गंगापूर आणि दारणा भरतात, पाणी नांदूर मधमेश्वरवरून नाथसागरात येतं, आणि नाथसागराला जागा उरली नाही की सत्तावीस दरवाजांतून ते खाली येतं. शहागडला, गोंदीला आभाळ कोरडं असतं आणि गंगा दुथडी वाहत असते. ऑगस्ट २००६ मध्ये अडीच लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडलं गेलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा पैठणात पाणी शिरलं आणि काठची माणसं हलवावी लागली. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला की. ज्याचा ऊस नाशिकच्या पावसाने बुडाला, त्याच्या मंडळातलं मापक कोरडंच असतं. मग आपलं नुकसान पुराचं आहे, पावसाचं नाही, हे त्याने पंचनाम्याच्या वेळी तोंडाने पटवायचं. नकाशा असता तर बोट ठेवता आलं असतं.

आता म्हाताऱ्यांविषयी. या मुद्द्यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण याच वाक्याला सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या आणि हेच वाक्य सगळ्यांत जास्त घात करणारं आहे.

काही वर्षांपूर्वी मी आणि तीन विद्यार्थी घनसावंगी तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावी गेलो होतो. बरोबर लेव्हल मशीन, तिकाटणं आणि चार मीटरची पट्टी. गावातले ऐंशी पार केलेले एक आजोबा काठी टेकत देवळापर्यंत आले. खालून चौथ्या पायरीवर काठी ठेवून म्हणाले, “गंगा इथं लागती अन् थांबती. माझ्या बापानं सांगितलंय.” मी विचारलं, “मग दोन हजार सहाला, आजोबा?” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि आम्हाला घरी घेऊन गेले. माजघराच्या चौकटीवर, माझ्या छातीच्या उंचीला, एक तेलकट काळी रेघ होती. पाणी ओसरल्यावर सुनेने काजळात तेल कालवून बोटाने ओढलेली. भिंतीला नंतर दोनदा रंग झाला, पण चौकट तशीच ठेवली होती. पट्टी लावली, मशीनमधून वाचन घेतलं, तीच पातळी देवळापाशी आणली. बापाने सांगितलेल्या पायरीच्या पुरुषभर वर रेघ होती.

बाप खोटं बोलला नव्हता. त्याने पाहिलेली नदी वेगळी होती. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चं. धरण नव्हतं तेव्हा गंगेला दर दोन-चार वर्षांनी पूर यायचा, पायरीला लागायचा आणि गावाला आपली जागा दाखवून जायचा. धरणाने ते लहान पूर अडवले, आणि त्यांच्याबरोबर गावाची सवयही गेली. मोठा पूर मात्र अडला नाही, कारण भरलेलं धरण जेवढं वरून येतं तेवढं खाली सोडतं. दोन पिढ्या नदीकाठी पूर न बघता वाढल्या. पात्रालगत गोठे आले, मोटारींची खोपटी आली, मग पक्की घरं आली. त्यातच नदीवर उच्च पातळी बंधारे झाले: जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी. दरवाजे वेळेत उघडले तर पाणी एक वागतं, उशिरा उघडले तर दुसरं. पुलांचे भराव आले. पात्रात वेडी बाभूळ माजली. बापाच्या पायरीला यातलं काहीच माहीत नाही.

आणि वाळू. किनारा सरकतो तो कोकणात, असं म्हणणाऱ्यांनी एकदा शहागडच्या पुलाखाली उतरून चालत जावं. जिथून वाळू उपसली तिथे पात्रात खड्डे, आणि खड्ड्याच्या बाजूचा काठ पावसाळ्यात खालून पोखरून उभाच्या उभा कोसळतो. काळ्या मातीचं ढेकूळ पाण्यात पडल्याचा आवाज रात्री घरात ऐकू येतो. मालवणजवळचं देवबाग एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलं आहे. तिथली माणसं किनारा सरकल्याचं सांगतात तेव्हा सगळा महाराष्ट्र ऐकतो. गंगथडीचा शेतकरी सांगतो, सातबाऱ्यावर दोन एकर आहे पण पायाखाली दीडच उरलं, तर त्याला मोजणीचे पैसे भरायला सांगतात. जमीन वाहून गेली तर सारा कमी करण्याची तरतूद १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आहे. पण काठ किती सरला हे दाखवणारा जुना आणि नवा नकाशा एकावर एक ठेवल्याशिवाय ती तरतूद कुणाच्या कामी येणार?

देवबागच्या माणसाला समुद्र रोज दोनदा दिसतो. भरती त्याला विसरू देत नाही. आमची नदी दहा-दहा वर्षं कोरडी पडून राहते, तिच्यात क्रिकेट खेळतात, गाढवं चरतात. जी नदी आठवण पुसते तिचा नकाशा समुद्राच्या नकाशाहून जास्त निकडीचा. दुष्काळी जिल्हा म्हणून पूररेषा नको, हे म्हणणं उलटं करून वाचावं. दुष्काळी जिल्हा आहे, म्हणूनच हवी.

म्हाताऱ्यांना विचारू नका असं मी म्हणतच नाही. नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून पूर मोजतात. पाणी पायाला लागलं, कमरेला आलं, गळ्याशी पोचलं, एवढ्यावर सराफ बाजार दुकानं उपसायला लागतो. ते खरं मोजमाप आहे, आणि एखाद्या सरकारी पट्टीपेक्षा लोकांचा त्याच्यावर जास्त विश्वास आहे. पण मारुती नाशिकचं सांगतो. नदी उतारावर वाहते, त्यामुळे एका पायरीची खूण दोन किलोमीटरवरच्या शाळेला तशीच लावता येत नाही. खूण आणि जमिनीची उंची एका दोरीत ओवावी लागते. त्यालाच नकाशा म्हणतात.

उपग्रहाची पूजा करणाऱ्यांशीही माझं पटत नाही. लँडसॅट १९७२ पासून वर फिरतोय, पण पूर येतो तेव्हा ढग असतात आणि त्याला ढगांपलीकडचं दिसत नाही. २०१४ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं, पण एक उपग्रह त्याच वाटेने बारा दिवसांनी परत येतो, आणि गंगेचा माथ्यावरचा पूर एक-दोन दिवसांत उतरतो. फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीत तीस मीटरच्या चौकोनाला एकच आकडा असतो. म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांना एकच उंची, आणि त्यातही काही मीटरची चूक. नऊ गुंठ्यांत आमच्याकडे घर, गोठा, विहीर आणि कडब्याची गंज मावते. यातलं काय बुडेल आणि काय वाचेल ते सुनेने ओढलेली रेघच सांगते. त्या रेघेला आणि उपग्रहाला एकमेकांची गरज आहे. वक्त्यांनी मात्र म्हाताऱ्याचं नाव घेऊन दोघांनाही घरी बसवलं.

यावरून एक जुना वाद आठवतो. एका सद्गृहस्थांनी मला बजावलं होतं की नकाशावाले सांगतील तसं जग बदलतं, भारताचा किनाराही त्यांनी वाढवून ठेवला. आकडा बदलला हे खरं आहे. ७,५१६ किलोमीटर आम्ही शाळेत पाठ केला, आता तो ११,०९८ झाला. पण किनारा लांबला नाही. जुनी मोजणी मोठ्या ढोबळ नकाशावरची होती. बारीक प्रमाणावर मोजताना प्रत्येक खाडी आणि प्रत्येक वळसा हिशेबात आला. आपल्याकडेही तेच होतं. ढोबळ नकाशात गावाबाहेरचा ओढा एक निळा केस असतो, आणि दुधनेच्या, कुंडलिकेच्या काठची घरं बुडतात ती याच केसांनी. जालना शहरात कुंडलिका आणि सीना यांच्या काठाला किती भिंती पात्रात उतरल्या, ते पुलावर उभं राहून मोजता येतं.

शंभर वर्षांचा पूर दोन हजार सहाला येऊन गेला, आता नातवंडांनी बघावं, असंही कुणीतरी मागच्या रांगेतून म्हणालं. पूररेषांतली लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर चारांत एकाहून थोडी जास्त शक्यता. निळ्या रेषेच्या आत, पंचवीस वर्षांच्या पुराच्या पट्ट्यात, तीच सत्तर टक्क्यांवर जाते. काल पूर आला म्हणून नदी सुट्टी देत नाही.

जमिनीचे भाव पडतात, हे कबूल. बुडणाऱ्या प्लॉटचा भाव पडायलाच हवा. आज तो भाव वर ठेवला जातो आणि बुडण्याचं ओझं विकत घेणाऱ्याच्या गळ्यात जातं.

विहिरींचा पैसा हा मुद्दा ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. दर ऑक्टोबरला आपण वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडा म्हणून भांडतो. तिथे आपल्या बाजूने काय असतं? नाथसागरात किती साठा आहे याचे मोजलेले आकडे. मोजमापावर हक्क मागणाऱ्या मराठवाड्याने आपल्याच दारातल्या नदीचं मोजमाप चैनीचं म्हणावं, हे मला पटत नाही. जालन्याला जायकवाडीतून पाणी आणणारी योजनाही याच नदीवर उभी आहे. तहानेचा आणि पुराचा काठ एकच आहे.

मग करायचं काय? गोदाकाठच्या प्रत्येक गावात २००६ ची आणि २०२५ ची खूण शोधावी, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीला बांधावी आणि शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर ऑइलपेंटने ठळक रंगवावी. निळी आणि लाल रेषा गावनकाशावर, गट नंबरांसकट, तलाठ्याच्या भिंतीला लागावी. नदीचे आडवे छेद दर दोन वर्षांनी, वाळूचा हंगाम संपल्यावर, पुन्हा मोजावेत. बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की खालच्या गावात पाणी कुठल्या पायरीला लागेल, हे पायरीच्या भाषेत आधी सांगावं. एवढंच मागतो आहे. एक लेव्हल मशीन, दोन माणसं आणि एक उन्हाळा यांत घनसावंगी तालुक्याचा काठ पुरा होतो.

त्या आजोबांच्या घरी मागच्या दिवाळीनंतर पुन्हा गेलो. आजोबा आता नाहीत. सुनेने चौकटीवर दुसरी रेघ ओढली होती, पहिल्या रेघेच्या खाली, आणि शेजारी खडूने तारीख लिहिली होती. मला म्हणाली, “सर, ही पण मोजा. पुढच्या साली चौकट बदलायचीय.”