मेंटॉर फक्त कागदावर नको

माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा कॉलेजचा फॉर्म सायबर कॅफेवाल्याने भरला. मायनर विषयही त्यानेच निवडला. दुसऱ्या वर्षी ती विचारायला आली, "सर, आता बदलता येईल का?" म्हटलं, "मेंटॉरला विचारलंस?" आपले मेंटॉर कोण, हेच तिला ठाऊक नव्हतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीचं गणित बदललं आहे. तीन वर्षांत पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स, मेजर-मायनरची निवड, आणि मिळवलेले क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा. निवड वाढली, तशी मशवऱ्याची गरजही वाढली. ज्या घरातलं पहिलंच मूल कॉलेजात जातंय, तिथे अम्मी-अब्बू काय सांगणार?

नॅकच्या मूल्यांकनात कॉलेजला एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हे दाखवावं लागत आलं आहे. म्हणजे यादी तयार असते, ओळख मात्र होत नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात मुलांनी स्वतः जाऊन विचारावं: माझे मेंटॉर कोण? विषय कधीपर्यंत बदलता येतो? स्कॉलरशिपची मुदत काय? पालकांनीही एकदा सोबत जावं. आणि मुलीचं शिक्षण थांबवायची वेळ आलीच, तर नाव काढण्याआधी मेंटॉरला भेटा. जमा क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात. परत यायची वाट तेच दाखवू शकतात.