ऋणकोचा पत्ता

वाशीच्या ज्या सहकारी गृहसंस्थेत मी गेली पंचवीस वर्षे राहतो आहे, तिच्या चौथ्या मजल्यावरील व ऐरोलीच्या एका कचेरीत संगणकाची नोकरी करणारा एक तरुण काही महिन्यांपूर्वी भल्या सकाळी बँकेचा कागद घेऊन माझ्याकडे आला, आणि पगाराचे खाते परराज्यातील कोण्या पोलीस ठाण्याच्या सूचनेवरून गोठविण्यात आले आहे एवढाच त्रोटक मजकूर ज्यावर होता, असा तो कागद माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "काका, मी कुणाला फसवलं नाही हो. उलट जिंकलो होतो."

आणि ते खरे होते. क्रिप्टो चलनात जुगार खेळविणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळावर त्याला छत्तीस हजारांची प्राप्ती झाली होती. संकेतस्थळाने ती रक्कम ‘यूएसडीटी’ या डॉलरशी बांधलेल्या नाण्यांत दहा मिनिटांत चुकती केली होती. ती नाणी त्याने टेलिग्रामवर भेटलेल्या एका अनोळखी इसमास विकली, आणि त्या इसमाने जे रुपये यूपीआयने पाठविले ते दूरच्या कोण्या वृद्धास फसवून काढलेले निघाले. चोरीच्या पैशाचा माग काढीत पोलीस आले ते याच्या खात्याशी थबकले. खेळण्यापूर्वी त्याने चौकशी केली नव्हती असेही नाही. परवाना कुरासावचा, पत्त्यावर कुलपाचे चिन्ह, पैसे झटपट मिळतात अशी शेकडो लोकांची ग्वाही, आणि सुरक्षिततेस दहापैकी नऊ गुण देणारी परीक्षणे! (ही परीक्षणे लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना, त्यांनी धाडलेला गडी जितका हरेल त्या प्रमाणात, त्याच संकेतस्थळाकडून दलाली मिळते, हे मात्र त्यास ठाऊक नव्हते.)

या मंडळींचा सर्वांत मोठा दावा म्हणजे ‘प्रोव्हेबली फेअर’, अर्थात पडताळून पाहता येईल असा निर्मळ खेळ. डाव सुरू होण्यापूर्वी संकेतस्थळ आपला गुप्त अंक जणू लाखबंद पाकिटात घालून त्यावरील मोहोर, जिला ‘हॅश’ म्हणतात, ती तुमच्या हाती देते. त्यात तुमचाही एक अंक मिसळतो. मागाहून पाकीट उघडले म्हणजे मोहोर तीच आहे की नाही हे तुमचे तुम्ही ताडून पाहावयाचे. ही युक्ती खोटी नाही, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. पण ती नवीही नाही. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांच्या आकड्यांवर मुंबईत जो सट्टा चाले त्यातूनच पुढे १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि दोन वर्षांनी रतन खत्री यांनी मटका उभा केला, तेव्हा आकडा फुटला नाही अशी लोकांची खातरी पटावी म्हणून पत्ते चारचौघांसमक्ष काढले जात. कौटिल्याने तर नगरातील सारे द्यूत एका ठिकाणी आणून द्यूताध्यक्षाने शुद्ध फासे स्वतः पुरवावेत, त्यांत अदलाबदल करील त्यास बारा पण दंड करावा आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच वसूल करावेत, असे लिहून ठेवले आहे.

तेव्हा फाशाच्या शुद्धतेची चिंता पुरातन आहे. परंतु त्या द्यूताध्यक्षाची कचेरी नगरातच होती, आणि लालबागच्या नाक्यावर चिठ्ठी फाडणारा बुकी गिरणी कामगाराच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर बसे. त्याने पैसे बुडविले तर त्याची गचांडी धरता येई. मटक्याचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. त्याने गिरणगावातील किती संसारांचे पगार गिळले हे माझ्या पिढीने पाहिले आहे. सांगावयाचे ते एवढेच, की डाव जिंकताच खेळणारा धनको होतो आणि खेळविणारा ऋणको. आणि जो धनको झाला त्याने फाशापेक्षा ऋणकोचे नाव आणि पत्ता अगोदर पाहावयास हवा. आमच्या वाशीच्या बाजार समितीत अडत्याने भाव भले रुमालाखाली ठरविलेला असो, शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते, तीवर गाळ्याचा क्रमांक असतो आणि तक्रार करावयास समितीचे कार्यालय त्याच आवारात असते.

या कसोटीवर ही संकेतस्थळे कोठे उतरतात? कंपनी कॅरिबियन समुद्रातील बेटावर, चालविणारे तिसऱ्याच देशात, आणि चलन असे की एकदा पाठविले ते परत बोलावता येत नाही. परवाना देणाऱ्याकडे धाव घ्यावी तर वाशीतून कुरासावला कोण जाणार? स्वदेशी न्यायालयात जावे, तर पैजेचा करार व्यर्थ असल्याचे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० सांगते, आणि मुंबई इलाख्याने तर त्याच्याही अगोदर, १८६५ मध्ये, पैजेला पूरक असलेल्या करारांनाही दाद मिळू नये असा खास कायदा केला होता. म्हणजे त्या काळच्या कायदेकर्त्यांनी जुगाऱ्यास न्यायालयाचे दार बंद केले ते जुगार थांबावा म्हणून. आज त्या बंद दाराचा लाभ मिळतो तो त्याचे पैसे अडकविणाऱ्यास.

चोरीचे भय निराळेच. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘स्टेक’ या अशा सर्वांत मोठ्या संकेतस्थळावरून सुमारे ४ कोटी १० लाख डॉलरची नाणी गेली आणि अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाच्या लाझरस टोळीकडे बोट दाखविले. ती कंपनी धनाढ्य, म्हणून तिने घाव पचविला. जुलै २०२४ मध्ये ‘वझीरएक्स’ या आपल्याकडील नाणेबाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली तेव्हा ग्राहकांची नाणी वर्षाहून अधिक काळ अडकून पडली, आणि तेथे तर जुगार नव्हता.

आता थोडा हिशेब. मटक्यात एकेरी आकड्यावर रुपयास नऊ मिळत, म्हणजे दहा आकड्यांच्या खेळात शेकडा दहा मालकाचे. संगणकीय फाशाच्या खेळात मालक शेकडा एकच ठेवतो, आणि हे औदार्य पाहून माझा शेजारी भुलला. पण मटका दिवसातून दोनदा, ओपन आणि क्लोज. पन्नास-पन्नास रुपये लावले तर मालकाचा सरासरी लाभ दहा रुपये. फाशाचा डाव मिनिटास दहा वेळा पडतो. पन्नासच रुपयांनी तासभर खेळल्यास उलाढाल तीस हजार, आणि मालकाचे तीनशे. त्यात ‘बोनस’ नावाचे आमिष. दहा हजार फुकट, परंतु काढून घेण्यापूर्वी चाळीस पट, म्हणजे चार लाखांचे डाव खेळावयाचे. ज्या खेळात मालकाचे शेकडा चार असतात तेथे दहा हजारांच्या देणगीपोटी सरासरी सोळा हजार द्यावे लागतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला. त्याच्या व्याख्येत नाणी आणि टोकनही येतात, खेळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, आणि खेळणाऱ्यास त्या कायद्याने शिक्षा ठेविलेली नाही. ही शेवटची तरतूद मला सर्वांत शहाणपणाची वाटते. कारण लाजेने व भयाने गप्प बसणारा माणूस सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फिर्याद करीत नाही, आणि पहिल्या काही तासांत फिर्याद न झाली तर पैशाचा माग पुसला जातो. मात्र कायद्याच्या धाकाने बंद झाल्या त्या प्रथम ज्यांना पत्ता होता, कर भरणे भाग होते, त्या स्वदेशी कंपन्या; बिनपत्त्याच्या तशाच राहिल्या. बंदी चुकली असे मी म्हणत नाही, पण तिच्या अंमलाचा भार नुसत्या संकेतस्थळे रोखण्यावर टाकून भागणार नाही; नाण्यांचे रुपये आणि रुपयांची नाणी जेथे होतात, त्या टेलिग्रामवरील बिनपरवाना सराफांवर आणि भाड्याने दिलेल्या बँकखात्यांवर तो पडावयास हवा. खाते गोठवावयाचे तर वादग्रस्त रकमेपुरतेच गोठवावे, सारा पगार अडवू नये, ही मागणीही रास्त आहे.

त्या तरुणासाठी मी परराज्यातील ठाण्यास पाठवावयाच्या कैफियतीचा मसुदा करून दिला. नाव, खाते क्रमांक, दिनांक, रक्कम हे त्याने सुवाच्य अक्षरात भरले. ‘रक्कम कोणाकडून व कशापोटी मिळाली’ या रकान्याशी तो थांबला. टेलिग्रामवरचे ते टोपणनाव लिहू का, म्हणून त्याने विचारले, आणि मोबाइल उघडून पाहिला तो ते नावही तेथून नाहीसे झालेले होते.