अर्धशिशी आणि हळदीची कॅप्सूल

अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खावी, हा सल्ला कोल्हापुरात आजही मिळतो. आता त्याच्या जोडीला हळदीच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या आणि मॅग्नेशियम आले आहे. ‘शरीरातील दाह कमी करा, डोके दुखायचे थांबेल,’ असा त्यांचा दावा असतो.

दाहाची गोष्ट अगदीच खोटी नाही. अर्धशिशीचा झटका येतो तेव्हा चेहऱ्याच्या व डोक्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या टोकांतून ‘सीजीआरपी’ नावाचे द्रव्य सुटते आणि मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्या रुंदावतात. मात्र हा दाह मज्जातंतूतून सुरू होणारा आहे, सुजलेल्या गुडघ्यासारखा नव्हे. त्यामुळे सांध्याला मानवलेली गोळी डोक्यालाही मानवेल, असे धरून चालता येत नाही.

इराणमध्ये हळदीतील कर्क्युमिन आणि ओमेगा-३ एकत्र देऊन चाचण्या झाल्या. झटके कमी झाले, रक्तातील दाहाच्या खुणाही उतरल्या; पण रुग्ण शंभराच्याही आत आणि काळ जेमतेम दोन महिन्यांचा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील चाचणी अधिक भक्कम आहे. १८२ रुग्णांचा आहार १६ आठवडे बदलण्यात आला. मासे वाढवून लिनोलिक आम्ल असलेली तेले कमी केलेल्या गटात डोकेदुखीचे दिवस नेहमीच्या आहाराच्या तुलनेत महिन्याला सुमारे ४ने घटले. हा बदल ताटातला होता, डबीतला नव्हता. कोकणातून घाट चढून येणारे बांगडे-तारली इथे दुर्मीळ नाहीत. जवसाच्या चटणीतही ओमेगा-३ असते, पण माशातल्यासारखे नव्हे. शरीर त्याचा थोडाच भाग त्या रूपात बदलू शकते. मॅग्नेशियम व रायबोफ्लेविनचा काहींना माफक उपयोग होतो; मूत्रपिंडाचा विकार असेल तर मॅग्नेशियम परस्पर घेऊ नये.

आमटीतली चिमूटभर हळद निर्धोक आहे. कॅप्सूलचे तसे नाही. कर्क्युमिन आतड्यात नीट शोषले जात नाही म्हणून त्यात मिऱ्यातील पिपरिन मिसळतात. अशा गोळ्यांनी यकृताला इजा होऊन कावीळ झालेले रुग्ण अमेरिका व इटलीत नोंदले गेले आहेत. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ या समजुतीचे हे उत्तर. आपल्याकडे पूरक आहाराच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती वाचतो कोण?

खरे नुकसान आणखी वेगळेच आहे. कॅप्सूलचा गुण येईल या आशेवर महिने जातात आणि मधल्या काळात मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या सुरूच राहतात. साध्या गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा त्याहून अधिक, मिश्र गोळ्या १० दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले की गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन यांसारखी झटके टाळणारी औषधे जुनी, स्वस्त आणि पारखलेली आहेत. अर्थात दमा असणाऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही.

सीपीआरच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा अन्य डॉक्टरांकडे जाताना झटक्यांच्या तारखा लिहिलेला कागद आणि चालू असलेल्या कॅप्सूलची डबी, दोन्ही पिशवीत टाकावे. पिपरिनमुळे प्रोप्रॅनोलॉलचे रक्तातील प्रमाण वाढते. मात्रा ठरवण्याआधी डॉक्टरांना ते कळायला हवे.