पिले निघतात, जगत नाहीत



कापसाच्या भावावर आपण रात्र रात्र बोलतो. बोललेच पाहिजे. पण अंगणातल्या कोंबड्यांचा विषय निघाला की बैठकीत हसू होते. ‘तो बायकांचा धंदा’ म्हणून विषय बाजूला पडतो. या अंकात आम्ही तोच विषय मुद्दाम घेतला आहे.

कोरडवाहू घरात कापसाचा पैसा येतो तो आधीच कुणाच्या तरी वहीत मांडलेला असतो. अंड्यांचा पैसा मात्र आठवडी बाजारात रोख हातात पडतो. तेल-मीठ, पोरांच्या वह्या, एसटीचे तिकीट त्यातूनच निघते. घरच्या लक्ष्मीला कुणाला न विचारता खर्चता येतो असा पैसा बहुधा एवढाच.

हा धंदा रोगाने बुडतो हे सगळे जाणतात. मानमोडीवर लसही आहे. पण मुंगूस, मांजर, घार यांनी किती नेले याचा हिशोब कोणी ठेवत नाही. समजा, खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली. २१ दिवसांनी दहा पिले निघाली आणि दोन महिन्यांनी तीन उरली. दहा बोंडांतली सात अळीने खाल्ली असती तर आपण गाव डोक्यावर घेतले असते. इथे ‘नेली घारीने’ म्हणून गप्प बसतो. त्या सात पिलांना तुमच्या बाजारचा भाव लावा आणि आकडा तुम्हीच काढा.

सगळा दोष घारीवर टाकू नका. चोर ओळखला तरच बंदोबस्त होतो. दिवसाढवळ्या उघड्यावरचे पिलू नाहीसे झाले तर घार किंवा कावळा. अंडी फोडून खाल्लेली, टरफले विखुरलेली असली तर संशय मुंगसावर. अंडी गेली आणि टरफलही नाही, तर साप. तो अंडे सबंध गिळतो. लहान पिले रात्री एकेक कमी होत गेली तर मांजर पाहा, नाही तर खुराड्यातले उंदराचे बीळ शोधा. एका रात्रीत बऱ्याच कोंबड्या मारून टाकलेल्या दिसल्या तर बहुधा कुत्रे.

आता आपल्या घराकडे पाहू. वेचणीच्या दिवसांत घराला कुलूप असते आणि दिवसभर अंगण ओस असते. घराच्या भिंतीला पऱ्हाटीचा ढीग, शेजारी कडब्याची गंजी. बोंडअळीचा मुक्काम राहतो म्हणून पऱ्हाटी शेतात ठेवू नये, हे २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर आपण ऐकत आलो. म्हणून सरपणाला ती घरी आणली. पण त्याच ढिगात उंदीर राहतात, उंदरामागे साप आणि मुंगूस येतात. खुडूक कोंबडीही आडोसा पाहून गंजीतच चोरून अंडी घालते आणि तिथेच बसते. शिकार आणि शिकारी आपण एकाच ढिगात ठेवतो.

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. पऱ्हाटीचा ढीग खुराड्यापासून लांब रचा. कोंबडी गंजीत बसली असेल तर दिवस मावळल्यावर अंड्यांसकट उचलून घरात, भुसा घातलेल्या टोपलीत बसवा. दाणापाण्याला ती दिवसातून एकदा उठते, तेवढा वेळ कुणी तरी जवळ राहा. खुराड्याच्या पायाशी हातभर चर खणून दगड भरा, म्हणजे खालून उकरून येता येणार नाही. कोंबड्यांची मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, चोराला बाहेर ठेवत नाही. खालच्या भागाला अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा. दाराला नुसता दगड टेकवू नका, कडी घाला. पहिले तीन आठवडे पिले डालग्याखाली ठेवा, वर दगड ठेवा. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या तर पिले एकदम निघतात आणि राखण एकदाच होते. शेततळ्याकाठी बदके पाळणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की गावठी बदकाची अंडी २८ दिवस घेतात, म्हणजे जोखीम आठवडाभर जास्त.

एक गोष्ट मात्र करू नका. फवारणीचे औषध मांसाला लावून ठेवू नका. ते आपलेच कुत्रे खाते, शेजाऱ्याचे मांजर खाते, उद्या पोराच्या हाती लागते. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय ते उंदीर मारते. मुंगूस मेले की उंदीर माजतात, मग धान्यही जाते आणि पिलेही.

सरकारी योजनांतून पिले वाटली जातात. वाटलेल्या पिलांची यादी होते, जगलेल्यांची व्हायला हवी. सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यामुळे ती पिले गेली की पुन्हा वाटपाची वाट पाहावी लागते. गावरान कोंबडी मात्र आपली पुढची पिढी आपणच उबवते. पिलांच्या आधी पक्के खुराडे, एवढीच आमची सूचना आहे.

येत्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक साधा हिशोब आणावा: किती अंडी ठेवली, किती पिले निघाली, दोन महिन्यांनी किती उरली. हा हिशोब मायबहिणींनी सांगावा आणि पुरुषांनी ऐकावा.